नकल्याचा होकार

मंगळवारी सकाळी सव्वादहाला तपासबाईचा फोन वाजला, तेव्हा समोरच्या भिंतीवरचा मोठा स्क्रीन वरपासून खालपर्यंत हिरवागार होता. दोनशे बारा टेस्ट, दोनशे बारा पास. फोन धाकट्या नणंदेचा होता. घरात तिला चिमणी म्हणायचे, पण आवाज असा की दोन खोल्यांपलीकडे झोपलेलं माणूस दचकून उठावं. ती एका रुग्णालयाच्या डायलिसिस केंद्रात मुख्य नर्स होती आणि कामाच्या वेळात कधीच फोन करत नसे.

"वहिनी, तुमच्या त्या पानानं आज माझ्याकडे किती माणसं पाठवलीत, माहितेय? अकरा! आणि खुर्च्या किती आहेत? सहा!"

"अगं, जरा हळू. कुठलं पान?"

"हळू कसली बोलू? पाच माणसं माझ्या टेबलापुढे उभी आहेत. प्रत्येकाच्या फोनवर लिहिलंय, तुमची वेळ पक्की झाली. आणि माझ्या यादीत ती सगळी प्रतीक्षेत! एक काका दोन तास बसमध्ये बसून आलेत. पाय सुजून खांबासारखे झालेत त्यांचे. काय सांगू त्यांना? माझ्या वहिनीच्या ऑफिसात सगळं झकास चाललंय, असं सांगू?"

मागून एक पुरुष खच्चून ओरडत होता. काय ओरडत होता ते कळलं नाही, आणि फोन बंद झाला.

तपासबाईनं स्क्रीनकडे पाहिलं. दोनशे बारा पास. काय झालं असेल ते तिला त्याच क्षणी समजलं.

तिला ऑफिसात सगळे तपासबाई म्हणत, आधी थट्टेनं आणि मग सवयीनं. रुग्णांनी घरबसल्या डायलिसिसची वेळ घ्यायची, त्यासाठीचं पान तिची कंपनी बनवायची. खुर्च्यांचा हिशोब मात्र रुग्णालयाच्या सर्व्हरवर असे. पान त्याला विचारायचं, गुरुवारी नऊला खुर्ची मोकळी आहे का? तो सांगायचा, पक्की, किंवा नाही. पानात काही बदल केला की सगळं धड चालतंय ना, हे पाहायला तपासबाईनं टेस्ट लिहून ठेवल्या होत्या. ब्राउझर आपला आपणच उघडायचा, नाव भरायचा, तारीख निवडायचा, बटण दाबायचा आणि पुढे काय दिसतं ते ताडून बघायचा. माणसाला दोन दिवस लागले असते ते काम सात मिनिटांत व्हायचं.

पण या टेस्ट रुग्णालयाच्या खऱ्या सर्व्हरवर चालवणं शक्य नव्हतं. दिवसातून वीस वेळा खोट्या रुग्णांनी खऱ्या खुर्च्या अडवल्या असत्या. म्हणून तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं एक नकली सर्व्हर बांधला. खऱ्या सर्व्हरची उत्तरं टिपून घेतली आणि याला पढवली. टेस्टमधला ब्राउझर बटण दाबायचा, आणि समोर रुग्णालयच आहे असं समजून याच्याशी बोलायचा. ऑफिसात त्याचं नाव पडलं नकल्या. नकल्या कधी बंद पडत नसे, कधी दमत नसे, उत्तर द्यायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ घेत नसे. सगळे खूश होते.

तपासबाई तेवढी खूश नव्हती. नकल्या म्हणजे पोपट, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उद्या रुग्णालयानं आपली बोली बदलली, तर हा जुनीच बोली बोलत बसणार, आणि टेस्ट त्याच्या माना डोलावण्यावर विश्वास ठेवून हिरव्या होत राहणार. म्हणून तिनं सोमवारची पडताळणी सुरू केली होती. रुग्णालयानं सरावासाठी दिलेला एक वेगळा सर्व्हर होता. दर सोमवारी सकाळी तेच पन्नास प्रश्न त्यालाही विचारायचे आणि नकल्यालाही. उत्तरात फरक पडला की स्क्रीनवर लाल पट्टी.

त्या लाल पट्टीवरूनच सगळं बिनसलं. सरावाचा सर्व्हर रुग्णालयवाल्यांच्या लेखी सावत्र पोर होता. बरेचदा बंदच असायचा. मग सोमवारी पट्टी लाल, आणि पट्टी लाल असली की नवीन काम पुढे जायला परवानगी नाही, असा नियम. मॅनेजर वैतागायचा. त्याला पाठीमागे सगळे घाईसाहेब म्हणत, कारण त्याच्या तोंडी तो एकच शब्द. सहा आठवड्यांपूर्वी त्यानं निकाल लावला.

"तुमची ही सोमवारची भानगड आपल्याला नडते," तो म्हणाला होता. "तो सर्व्हर त्यांचा, बंद पडतो तो त्यांचा, आणि लाल होतो आपला स्क्रीन. बंद करा."

"सर, तो बंद असला तर पट्टी पिवळी दाखवू. उत्तर बदललं तरच लाल. मला दोन दिवस द्या."

"दोन दिवस कुठून आणू? घाई आहे. नंतर बघू."

ते नंतर काही उगवलं नाही. तपासबाईनं तीनदा लिहून पाठवलं. पहिल्यांदा त्यानं उत्तर दिलं, 'नोंद घेतली.' दुसऱ्यांदा अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. तिसऱ्यांदा काहीच नाही. मग तीही गप्प बसली.

आता तिनं ती बंद पडताळणी हातानं चालवली. सरावाचा सर्व्हर आज नेमका चालू होता. पन्नासपैकी अकरा उत्तरांत फरक. रुग्णालयानं नुकतंच तिसरं उत्तर सुरू केलं होतं, प्रतीक्षेत. खुर्ची नाही, पण कुणी रद्द केली तर देऊ. नकल्याच्या कानावर हा शब्द कधी पडलाच नव्हता. आणि पान लिहिणाऱ्यानं सोपा मार्ग घेतला होता. उत्तर 'नाही' असेल तर नाही, बाकी काहीही असो, वेळ पक्की. प्रतीक्षेतल्या प्रत्येक माणसाला पानानं छातीठोकपणे सांगितलं होतं, या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठून चष्मेवाल्याच्या टेबलाशी गेली. पान त्यानं लिहिलं होतं आणि पडताळणी बंद करणारी ओळही त्यानंच घातली होती.

"रुग्णालयानं हा बदल कधी कळवला होता?"

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तीन आठवडे झाले. पत्र आलं होतं साहेबांना. त्यांनी मला पुढे पाठवलं. मी... टेस्ट चालवल्या ना मी. सगळ्या हिरव्या आल्या. मला वाटलं, आपल्याला काही करावं लागत नाही."

"नकल्याला विचारून तुला वाटलं? अरे, तो माझा पढवलेला! त्याला तू विचारलं असतंस की आज सूर्य उगवला का, तर त्यानं 'वेळ पक्की' म्हणून सांगितलं असतं!"

आजूबाजूच्या माना वळल्या. त्याच्यावर ओरडून काही उपयोग नाही हे तिला कळत होतं, तरी ती आणखी दोन वाक्यं ओरडलीच. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली आणि दोघांनी पान दुरुस्त करायला घेतलं. आधी नकल्याला तिसरं उत्तर शिकवलं. शिकवल्याबरोबर एकतीस टेस्ट लाल झाल्या. मग एकेक करत पान सुधारलं. दुपारी दोनला नवं पान लोकांपर्यंत पोचलं. तोवर चुकीचा निरोप गेलेल्या माणसांची यादी तिनं काढली होती. त्रेचाळीस जण. ती यादी तिनं चिमणीला पाठवली.

संध्याकाळी चिमणी घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"त्या काकांना रुग्णालयात ठेवलंय," ती म्हणाली. "शिंपीकाका म्हणतो आम्ही त्यांना. सकाळी मी त्यांना म्हटलं, थांबा, संध्याकाळी बघते. ते चिडून निघून गेले. बसमध्येच श्वास लागला. छातीत पाणी भरलं होतं. लोकांनी उचलून परत आणलं."

तपासबाईनं गॅस बंद केला. "कसे आहेत?"

"वाचले. मशीन लावलंय रात्रभरासाठी. पण मी सकाळपासून पाच माणसांच्या शिव्या खाल्ल्या, वहिनी. पाचही जण बरोबर होते आणि मीही बरोबर होते. मग चूक कोणाची?"

"माझ्यावर ओरडून मोकळी हो," तपासबाई म्हणाली.

"ओरडतेच आहे!"

बाहेरच्या खोलीतून नवरा आला. त्याला भांडण मिटवायची भारी हौस. "हे बघा, तुम्ही दोघींनी एकमेकींवर ओरडून काय होणार? कॉम्प्युटर म्हटलं की चुका व्हायच्याच..."

"दादा, तू गप्प बस!" चिमणी म्हणाली.

"कॉम्प्युटरनं काहीही चूक केलेली नाही," तपासबाई म्हणाली, "त्याला सांगितलं तेच त्यानं केलं. तुम्ही आत जा."

तो मुकाट्यानं आत गेला. त्या दिवसात नणंद-भावजयीचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

दुसऱ्या दिवशी अकराला मीटिंग होती. रुग्णालयाकडून डायलिसिस विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाई स्वतः येणार होत्या. पावणेअकराला घाईसाहेबानं तपासबाईला आपल्या खोलीत बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला.

"नुसती सही करा. औपचारिक आहे."

कागदावर लिहिलं होतं की हा प्रकार चाचण्या अपुऱ्या लिहिल्यामुळे घडला, ती एका व्यक्तीकडून झालेली मानवी चूक आहे, आणि संबंधितांना समज देण्यात आली आहे.

तिनं दोनदा वाचलं. "संबंधित म्हणजे मी?"

"तुमचं नाव कुठं लिहिलंय? नाही ना? म्हणूनच तसं लिहिलंय. हे बघा, टेस्ट कोणाच्या? तुमच्या. नकल्या कोणाचा? तुमचा. आता मी खोटं तरी काय लिहू?"

"आणि सोमवारची पडताळणी कोणी बंद केली?"

"तो जुना विषय आहे."

"सहा आठवडे म्हणजे जुना? काल माणूस बसमध्ये कोसळला तो जुना?"

"आवाज खाली. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. सही केलीत तर प्रकरण इथेच मिटतं, तुमच्या नोकरीला धक्का लागत नाही. घाई आहे, त्या येतीलच."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तिनं आजवर नुसतं ऐकलं होतं. आता तिच्या हातात पेन दिलं जात होतं. तिनं ते घेतलं. पहिल्या वाक्यातले 'चाचण्या अपुऱ्या लिहिल्यामुळे' हे शब्द खोडले. कडेला लिहिलं, 'पडताळणी मॅनेजरच्या सांगण्यावरून बंद केली. तीन लेखी सूचना दिल्या, कोणी दाद दिली नाही.' खाली तारखा घातल्या आणि मग ठसठशीत सही केली.

घाईसाहेबानं कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "हे मी देऊ शकत नाही."

"मग देऊ नका. मी देते."

मीटिंगच्या खोलीत डॉक्टरबाई येऊन बसल्याच होत्या. बारीक अंगाची, पांढऱ्या केसांची बाई. पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही. घाईसाहेबानं सुरुवात केली, तांत्रिक अडचण, अत्यंत खेद, युद्धपातळीवर दुरुस्ती.

"मला एवढंच कळत नाही," डॉक्टरबाईंनी मध्येच तोडलं, "तुम्ही दर महिन्याला मला अहवाल पाठवता. शंभर टक्के चाचण्या यशस्वी. काल सकाळीही तो यशस्वीच होता?"

"हो," तपासबाई म्हणाली. घाईसाहेब बोलायच्या आत तीच बोलली. "दाखवते."

तिनं जुनं पान आणि जुना नकल्या लॅपटॉपवर लावला. मग लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं. डॉक्टरबाईंना दिसेल असं वळवून म्हणाली, "आता या खोलीतून तुमच्या रुग्णालयाशी कसलाही संपर्क नाही. बघा."

टेस्ट सुरू झाल्या. ब्राउझर भराभर उघडला, मिटला, रुग्णांची नावं भरली गेली, वेळा पक्क्या झाल्या. एकामागून एक. दोनशे बारा पास.

"म्हणजे आमचं रुग्णालय जळून खाक झालं असतं तरी..."

"तरी आमचा अहवाल असाच आला असता. ही पद्धत वाईट नाही, डॉक्टर. पान आपल्या जागी ठीक चालतंय का, एवढं ती सांगते, आणि ते लवकर सांगते. पण तुम्ही अजून तेच बोलताय का, हे तिला कळत नाही. ते कळावं म्हणून तुमच्या सरावाच्या सर्व्हरशी एक पडताळणी होती, पण तो सर्व्हर बरेचदा बंद असायचा. ती सहा आठवडे बंद होती. हे माझे तीन निरोप, आणि हा तुमच्या बदलाचा कागद, इथे तीन आठवड्यांपूर्वी पोचलेला."

घाईसाहेब म्हणाला, "एक मिनिट, हा आमचा अंतर्गत मामला आहे."

"बसमध्ये कोसळलेला माणूस तुमच्या अंतर्गत येतो का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. मग त्या तपासबाईकडे वळल्या. "आणि आमचा सरावाचा सर्व्हर बंद असायचा, म्हणालात. कोण बघतं आमच्याकडे ते?"

"आम्हाला आजवर कळलेलं नाही. फोन केला की कुणीतरी म्हणतं, संबंधित माणूस जागेवर नाही."

डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली. ती आठी स्वतःच्या माणसांसाठी होती. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, ते रेघ कागदाच्या मागे उमटेल इतक्या जोरात.

पंधरा दिवसांत जे व्हायचं ते झालं. पडताळणी परत सुरू झाली, आता रोजची. सर्व्हर बंद असेल तर पिवळी पट्टी, उत्तर बदललं तरच लाल. रुग्णालयानं सरावाच्या सर्व्हरला एक माणूस नेमला, आणि तो फोन उचलायचा. घाईसाहेबाला काढलं वगैरे काही नाही. त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं, वरच्या मजल्यावर, आधीच्यापेक्षा मोठ्या खिडकीच्या खोलीत. जाताना त्यानं सगळ्यांना पत्र लिहिलं की संकटाच्या वेळी आपण एकदिलानं कसे धावून गेलो. तपासबाईनं ते वाचलं आणि इतकी संतापली की दुपारी जेवली नाही. चष्मेवाला तिच्याशी आठवडाभर जपून बोलत होता. एके दिवशी तोच येऊन म्हणाला, "मी तेव्हा विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "हो, हवं होतं." त्याहून गोड तिला काही सुचलं नाही.

महिनाभरानं, एका गुरुवारी, ती रजा टाकून डायलिसिस केंद्रात गेली. चिमणीनं तिला दारात अडवलं.

"कशाला आलीस? शिंपीकाका तुझी पूजा नाही बांधणार."

"ठाऊक आहे. मला भेटायचंय."

खिडकीजवळच्या खुर्चीत शिंपीकाका रेलून बसले होते. हातातून दोन नळ्या मशीनकडे गेलेल्या. बोटं लांब, अंगठ्याजवळ कात्रीनं पडलेला जुना घट्टा. तपासबाई समोर उभी राहिली आणि आपण कोण ते सांगितलं. पान कसं चुकलं ते सांगितलं. आपण तीनदा लिहून कळवलं होतं, हेही सांगितलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीनदा?"

"हो."

"चौथ्यांदा का नाही?"

काकांनी नळ्या लावलेला हात जपून बाजूला ठेवला.

"मी चाळीस वर्षं कपडे शिवले, बाई. गिऱ्हाईक म्हणायचं, घाई आहे, माप नको घेऊ, जुन्याच मापानं बेत. मी बेतायचो नाही. चारदा भांडायचो, पाचदा भांडायचो. एकदोन जण उठून दुसऱ्या दुकानात गेले. जाऊ दे! कारण अंगाला सदरा बसला नाही, तर गिऱ्हाईक स्वतःला बोल लावत नाही, शिंप्याला लावतं, आणि बरोबरच करतं. तुम्हाला कळत होतं ना, माप जुनं झालंय? मग गप्प कशाला बसलात? त्या तुमच्या साहेबाला काय कळणार, त्यानं कधी सुई धरलीय? पण तुम्ही धरली होती!"

आवाज वाढत गेला. पलीकडच्या खुर्चीतल्या बाई डोळे उघडून बघू लागल्या. चिमणी मधे पडायला पुढे झाली, तेव्हा तपासबाईनं हातानं तिला थांबवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. गेला महिनाभर ती ज्याच्या त्याच्यावर चिडली होती, ऑफिसावर, साहेबावर, चष्मेवाल्यावर, स्वतःच्या नवऱ्यावरसुद्धा. तिच्यावर मात्र नीट, पुरतं, कारण सांगून कोणी चिडलं नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "दमले होते म्हणून गप्प बसले. दुसरं कारण नाही."

काका धापा टाकत होते. चिमणीनं मशीनवरचे आकडे बघितले आणि काकांना दम भरला, "आता एक शब्द बोललात तर बघा." काका तिच्याकडे न बघताच तपासबाईला म्हणाले, "बसा. उभ्या किती वेळ राहणार? मला अजून दीड तास आहे."

ती स्टुलावर बसली.

"आणि तुमच्या त्या पानावरची अक्षरं," काका म्हणाले, "मुंगीएवढी आहेत. तारखेचा चौकोन बोटाखाली सापडत नाही. माझी सून कामावर गेली की मला शेजाऱ्याकडे जावं लागतं. हे कोणी तपासलंय?"

तपासबाईनं पिशवीतून वही काढली.

"लिहून घ्या," काका म्हणाले. "एवढ्यावर संपलेलं नाही माझं."